रोजमेळापासून बिनतारी मेळापर्यंत : हातातील यंत्र, कचेरीतील संगणक आणि नोंदीचा अधिकार

प्रस्तावना :

हिशेबाच्या जुन्या मराठी पद्धतीत 'रोजमेळ' हा शब्द रूढ आहे. दिवसभरातील जमा आणि खर्च वहीत उतरवावयाचा, संध्याकाळी गल्ल्यातील शिलकेशी तो ताडून पाहावयाचा आणि मेळ बसला नाही तर चूक वहीत आहे की गल्ल्यात आहे याचा शोध घ्यावयाचा, असा हा शिरस्ता होता. एकाच व्यवहाराच्या दोन खुणा दोन ठिकाणी असतात; त्या परस्परांशी जुळल्या म्हणजेच व्यवहार खरा मानावा, हे त्यामागील तत्त्व होय. इंग्रजीत ज्याला सिंक्रोनायझेशन म्हणतात आणि बोलण्यात आपण सर्वच जण ज्याला 'सिंक' म्हणू लागलो आहोत, ती क्रिया तत्त्वतः याहून वेगळी नाही. हातातील लहान यंत्रात एक नोंद असते, कचेरीतील संगणकात दुसरी. या दोहोंना एकरूप करणे म्हणजे सिंक. गेल्या तीन दशकांत ही क्रिया प्रथम तारेने, नंतर बिनतारी आणि अखेरीस माणसाने काहीही न करता आपोआप होऊ लागली.

या क्रियेचा विचार बहुधा माहितीची ने-आण म्हणून केला जातो. ती किती वेगाने झाली, किती स्वस्तात झाली, एवढेच पाहिले जाते. प्रस्तुत निबंधाचे म्हणणे निराळे आहे. दोन नोंदी जुळत असतात तोवर सिंक ही केवळ टपालवाल्याची कामगिरी असते. त्या जुळत नाहीत तेव्हा मात्र ती न्यायाधीशाची कामगिरी होते. कोणती नोंद राहावी आणि कोणती पुसली जावी, हे कोणीतरी ठरवावे लागते. हे ठरविणारा कोण होता, तो लोकांच्या डोळ्यांसमोर ठरवीत होता की पडद्याआड, आणि क्रिया आपोआप होऊ लागल्यावर या अधिकाराचे काय झाले, हा येथील विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी हस्तसंगणकांच्या जागतिक इतिहासाबरोबरच वारणानगर येथील ऊस उत्पादकांचा प्रयोग आणि राज्यातील पीक पाहणीचे संगणकीकरण ही दोन उदाहरणे घेतली आहेत. दुसऱ्या उदाहरणाचा मराठवाड्याशी असलेला संबंध विशेष निकटचा आहे.

दुहेरी दप्तराची परंपरा :

नोंदींची दुहेरी व्यवस्था आपल्याकडे संगणकाबरोबर आली असे नाही. मराठेशाहीच्या काळात गावाचा हिशेब कुलकर्णी ठेवीत असे आणि परगण्याचा देशपांडे. गावच्या जमाबंदीची माहिती अशा रीतीने दोन दप्तरांत असे व एकावरून दुसरे तपासता येई. पिकांच्या पाहणीचे 'पाहणी खर्डे' पेशवेकालीन कागदपत्रांच्या अभ्यासकांना सुपरिचित आहेत. या व्यवस्थेत लबाडीला वाव नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तथापि दोन वतनदारांचे हितसंबंध भिन्न असत आणि एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस येण्याचा संभव असे, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

एस. टी.च्या वाहकाचे उदाहरण त्याहून आपल्या नित्य परिचयाचे आहे. तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल ही वाहकाची साधने होती. निरनिराळ्या दरांच्या तिकिटांचे आरंभीचे व अखेरचे क्रमांक वेबिलात लिहावयाचे, त्यावरून विक्री काढावयाची आणि आगारात रोख भरताना ती जुळवावयाची. वाटेत तपासणी पथकाने गाडी थांबविली तर प्रवासी, तिकिटे आणि पैसे असा तिहेरी मेळ तेथेच रस्त्यावर, प्रवाशांदेखत पाहिला जाई. पुढे तिकिटाची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. आरंभीच्या यंत्रांतील दिवसाची माहिती आगारात संगणकावर उतरवून घेतली जात असे; अलीकडची अँड्रॉइड यंत्रे ती मोबाइलच्या जाळ्यावरून परस्पर पाठवितात. रक्कम कमी भरली तर ती वाहकाने भरून द्यावयाची, हा नियम मात्र ट्रेच्या काळातला आहे. यंत्राचा आकडा आणि खिशातील रोख यांत फरक पडला तर यंत्र बरोबर मानले जाते.

हस्तसंगणक आणि मेळाचे नियम :

हातात मावणाऱ्या संगणकांचे प्रयत्न १९८० च्या दशकापासून चालू होते. अॅपल कंपनीचा न्यूटन १९९३ मध्ये बाजारात आला आणि फारसा चालला नाही. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटने मात्र लोकांची मने जिंकली. याचे कारण यंत्राच्या सामर्थ्यात नव्हते. तो न्यूटनपेक्षा दुबळाच होता. पायलटच्या निर्मात्यांनी त्याला स्वतंत्र संगणक मानले नाही. टेबलावरील संगणकाची खिशात नेता येणारी एक फांदी, अशी त्यांची कल्पना होती. यंत्र एका लहानशा बैठकीवर ठेवावयाचे आणि तिच्यावरील एकच कळ दाबावयाची, की दोन्हीकडील पत्ते, भेटींच्या वेळा आणि टिपणे एक होत. या क्रियेला त्यांनी 'हॉटसिंक' असे नाव दिले होते.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एकाच व्यक्तीचा पत्ता सकाळी कचेरीतील संगणकावर एका प्रकारे बदलला आणि दुपारी प्रवासात पायलटवर दुसऱ्या प्रकारे बदलला, तर हॉटसिंक त्यांपैकी कोणताही पुसत नसे. दोन्ही नोंदी ठेवून तो मालकाच्या पुढे करीत असे व निवड मालकाने करावी अशी अपेक्षा असे. आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये आजही एकाच सहकाऱ्याचे नाव दोनदा-तीनदा आढळते. त्या वैतागाचे मूळ बहुधा अशाच सावध नियमात असते. वैताग खरा, पण त्यात मालकाचा अधिकार राखला गेला होता. मायक्रोसॉफ्टने आपल्या हस्तसंगणकांसाठी केलेल्या अॅक्टिव्हसिंक या प्रणालीत हाच निर्णय आगाऊ घेऊन ठेवण्याची सोय होती : विसंगती आढळल्यास ती तशीच ठेवावी, की संगणकातील नोंद ग्राह्य धरावी, की हातातील यंत्रातील. म्हणजे न्यायाधीशाची नेमणूक खटल्यापूर्वीच करून टाकावयाची.

या विषयाची शास्त्रीय बाजू याआधीच विद्यापीठांत मांडली गेली होती. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'कोडा' या प्रणालीत, जाळ्यापासून तुटलेल्या संगणकावरही काम चालू ठेवता यावे आणि जोडणी परत आल्यावर मधल्या काळातील बदल मुख्य साठ्यात मिसळावेत, अशी योजना होती. तुटलेल्या अवस्थेतील कामावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध १९९० च्या दशकाच्या आरंभीचा आहे. तुटलेपणा हा अपघात न मानता नित्याची अवस्था मानावी, हा त्यातील विचार आपल्या ग्रामीण भागाला जितका लागू पडतो तितका तो पिट्सबर्गलाही लागू पडत नसेल.

तार जाऊन बिनतारी जोडणी येण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने झाली. प्रथम इन्फ्रारेड किरण आले. दोन यंत्रे अगदी समोरासमोर धरावी लागत. नंतर ब्लूटूथ व वाय-फाय आले. फेब्रुवारी २००० मध्ये आयबीएम, नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, पाम इत्यादी कंपन्यांनी 'सिंकएमएल' या सामाईक भाषेचा उपक्रम हाती घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. कोणत्याही कंपनीचे हातातील यंत्र कोणत्याही सर्व्हरशी बिनतारी मेळ घालू शकावे, हा तिचा उद्देश होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात सिंकएमएलला एरवी दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही; परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा मसुदा फार बोलका आहे.

त्यात मेळाचा क्रम असा सांगितला आहे : हातातील यंत्राने आपले बदल प्रथम पाठवावेत, सर्व्हरने ते आपल्याकडील बदलांशी ताडून पाहावेत आणि निकाल यंत्राला कळवावा. विसंगती सोडविण्याचे काम सामान्यतः सर्व्हरकडे असते. निकाल कळविण्यासाठी ठरावीक सांकेतिक क्रमांक आहेत. २०८ म्हणजे हातातील यंत्राची बाजू मान्य झाली, २०९ म्हणजे दोन्ही नोंदी ठेवल्या आणि ४१९ म्हणजे सर्व्हरची बाजू कायम राहिली. न्यायदानाची भाषा वाटावी इतकी ही भाषा स्पष्ट आहे. यांखेरीज 'संथ मेळ' नावाची एक तरतूद आहे. मागील मेळ कोठपर्यंत झाला होता, याची खूण दोन्ही बाजू जपून ठेवतात. या खुणाच जुळेनाशा झाल्या तर केवळ बदललेल्या नोंदी पाहून भागत नाही. दोन्हीकडील प्रत्येक नोंद आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा ताडावी लागते. या संथ मेळाचा मराठी अवतार पुढे येणारच आहे.

त्यानंतरचा प्रवास वेगाचा आहे व तो येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्व्हरवर नवे काही येताच ते फोनकडे आपण होऊन ढकलण्याची सोय केली. त्याच वर्षी आलेल्या अॅक्टिव्हसिंकच्या चौथ्या आवृत्तीतून मात्र टेबलावरील संगणकाशी वाय-फायवरून मेळ घालण्याची सोय सुरक्षिततेच्या कारणास्तव काढून टाकली गेली. तार असताना यंत्र कोणाशी जोडले आहे ते डोळ्यांना दिसत असे. बिनतारी जोडणीत समोरचा खरोखर आपलाच संगणक आहे याची खात्री कशी करावयाची, हा प्रश्न तेथे उभा राहिला होता. २०११ च्या ऑक्टोबरात आयफोन त्याच वाय-फायवरील संगणकाशी, चार्जरला लावलेला असताना आपोआप मेळ घालू लागला. कळ दाबण्याची क्रिया संपली. कळ दाबणारा माणूस निदान त्या क्षणी पडद्याकडे पाहत तरी असे.

वारणानगर : तारांकडून बिनतारीकडे :

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर हे सहकाराच्या इतिहासातील एक मोठे नाव. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या साखर कारखान्याभोवती दूधसंघ, शिक्षणसंस्था, बझार असा मोठा परिवार तेथे वाढला. १९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प तेथे हाती घेण्यात आला. केंद्र सरकारचा वाटा ५० टक्के, राज्य सरकारचा ४० टक्के आणि वारणा समूहाचा १० टक्के, अशी खर्चाची विभागणी होती. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी ५४ संगणक केंद्रे उभारण्यात आली आणि ती वारणानगरच्या मध्यवर्ती संगणकाशी जोडण्यात आली. शेतकऱ्याला पीकसल्ला, बाजारभाव, शासकीय योजना, एवढेच काय ते जगभरची माहिती गावात मिळावी, अशी मूळ कल्पना होती.

प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग झाला तो उसाच्या हिशेबासाठी. लागणीची नोंद, तोडणीचा परवाना, काट्यावरील वजन, खताची उचल, बिलाची रक्कम यांसाठी शेतकरी केंद्रावर येत राहिले. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर येथील संशोधकांनी, म्हणजे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी, ही गोष्ट टिपली आणि एक साधा प्रश्न विचारला : देवाणघेवाण एवढीच आहे, तर त्यासाठी गावोगावी संगणक कशाला हवा? त्यांनी उभ्या केलेल्या 'वारणा अनवायर्ड' या प्रयोगात गावाकडील संगणकाची जागा साध्या लघुसंदेशाने, म्हणजे एसएमएसने घेतली. कारखान्याकडील संगणकाला एक मोबाइल जोडलेला असे. गावातून आलेला लघुसंदेश तो संगणकाच्या हवाली करी, संगणक आपल्या साठ्यातून उत्तर काढी आणि तेच मोबाइलवरून परत जाई. सात गावांतील आठ महिन्यांच्या चाचणीत संगणकाची सर्व कामे या रीतीने पार पडली आणि ही पद्धत अधिक स्वस्त, अधिक सोयीची व शेतकऱ्यांना अधिक पसंत पडणारी ठरली, असा निष्कर्ष संशोधकांनी २००७ मध्ये मांडला. तारांचा बडेजाव असलेला प्रकल्प सात वर्षांचा होतो न होतो तोच तारा काढण्याचा विचार सुरू व्हावा, यातील विरोधाभास नावांतच उतरला आहे.

एसएमएसच्या निवडीत एक मर्म होते. लघुसंदेश पाठविणारा आणि घेणारा एकाच वेळी जाळ्यावर असावे लागत नाहीत. समोरचा मोबाइल बंद असेल तर संदेश मोबाइल कंपनीच्या केंद्रात थांबतो आणि मोबाइल सुरू झाल्यावर पोहोचतो. भारनियमनाच्या त्या वर्षांत ही थांबण्याची सोय मोलाची होती. मर्यादाही होती : रोमन लिपीत १६० अक्षरे मावत, देवनागरीत केवळ ७०.

परंतु वारणेचा प्रयोग यशस्वी का झाला, याचे प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण तांत्रिक नाही. त्या व्यवस्थेत प्रत्येक नोंदीला एकच धनी होता. उसाचे वजन काट्यावरच ठरणार, गावातील फोनवर ते बदलण्याचा प्रश्न नव्हता. खताची उचल गावात होणार, कारखाना ती मान्य करणार. एका गोष्टीबद्दल दोन जण लिहीत नाहीत तेथे विसंगती उद्भवत नाही, आणि विसंगती नाही तेथे न्यायाधीश लागत नाही. अर्थात नोंद सर्वत्र एकसारखी झाली म्हणजे ती खरी झाली, असे नव्हे. काटामारीची तक्रार महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात जुनी आहे (हे विधान वारणेला उद्देशून नाही) आणि काट्यावरच चूक झाली असेल तर उत्तमातील उत्तम सिंक ती चूक तत्परतेने गावोगावी पोहोचविते, एवढेच.

पीक पाहणी : जेथे लिहिणारे अनेक :

पीक पाहणीची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. सातबाऱ्यातील 'सात' म्हणजे अधिकार अभिलेख आणि 'बारा' म्हणजे पिकांची नोंदवही. बाराव्या नमुन्यातील एका ओळीवर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने खरेदी अशा अनेक गोष्टी अवलंबून असतात.

मराठवाड्यात या नोंदींना आणखी एक परिमाण आहे. हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि तेथील १९५४-५५ ची खासरा पाहणी येथील जमिनींच्या वादांत आजही पुरावा म्हणून पुढे येते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील रुमाल सोडले गेले, तेव्हा तपासावयाच्या कागदांत खासरा पत्रके आणि पाहणी पत्रके होती. जवळजवळ सत्तर वर्षांनी, मूळ हेतूशी ज्याचा काहीही संबंध नाही अशा कामासाठी, पिकाच्या पाहणीचा कागद उपयोगी पडला. नोंद करणाऱ्याला तिचे भावी वाचक ठाऊक नसतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची असून तिच्याखालील अधिकार अभिलेखविषयक नियम १९७१ चे आहेत. या नियमांत पीक पाहणीची रीत सांगितली आहे. तलाठ्याने गावाला आगाऊ सूचना द्यावी, शेतकरी आणि गावचे प्रतिनिधी यांना हजर राहण्यास सांगावे आणि प्रत्यक्ष बांधावर जाऊन नोंद करावी. अभिलेखात एकाचे नाव असून जमिनीत कसणारा दुसराच आढळला तर काय करावे, हेही तेथे सांगितले आहे : तलाठ्याने स्वतः निर्णय न करता गाव नमुना चौदामध्ये तशी नोंद करून ती तहसीलदाराकडे पाठवावी. आधुनिक परिभाषेत बोलावयाचे तर शेतातील वस्तुस्थिती आणि दप्तरातील नोंद यांच्यातील विसंगती सोडविण्याचा हा नियम होता. त्यात न्यायाधीश कोण हे स्पष्ट होते आणि वाद गावाच्या समक्ष सुरू होत होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पाहणी गावच्या पारावर किंवा चावडीत बसल्याबसल्याच उरकली जात असे, मागील वर्षीचे पीक पुढील वर्षी तसेच उतरविले जात असे, हेही तितकेच खरे. शेतकरी कुटुंबातून आलेल्या कोणत्याही सहकाऱ्यास हे सांगावयास नको. ई-पीक पाहणीची गरज याच अनुभवातून निर्माण झाली होती.

मधला एक टप्पा फार उद्बोधक आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढविले गेले तेव्हा दोहोंमध्ये असंख्य फरक राहिले. कोठे क्षेत्र चुकले, कोठे नाव, कोठे कर्जाचा बोजा. ते दूर करण्यासाठी 'री-एडिट' ही सोय देण्यात आली आणि २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातील सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखवावयाचा, खातेदारांनी आपली चूक दाखवावयाची आणि मग दुरुस्ती करावयाची. मागे उल्लेखिलेला संथ मेळ तो हाच. सिंकएमएलच्या मसुद्यात तो दोन यंत्रांमध्ये होतो. येथे तो गावकऱ्यांच्या स्मरणशक्तीच्या साक्षीने झाला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले, त्यामागे ही मोहीम होती. या मोहिमेची दखल प्रशासकीय अहवालांपलीकडे घेतली गेली नाही, याची खंत वाटते. संगणकीकरणाच्या इतिहासात अशा लोकवाचनाला स्वतंत्र प्रकरण मिळावयास हवे.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. महसूल व कृषी विभाग आणि टाटा ट्रस्ट यांचा तो संयुक्त उपक्रम होता. त्याचे ब्रीद 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा' असे होते. शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवर खातेदाराचे नाव व गट क्रमांक निवडावा, पीक आणि क्षेत्र भरावे, शेतात उभे राहून छायाचित्र काढावे. छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. जाळे असेल तर माहिती तत्काळ सर्व्हरकडे जाते, नसेल तर ती मोबाइलमध्ये साठते आणि जाळ्याच्या कक्षेत आल्यावर अपलोड करता येते. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने अधिकार अभिलेखात लिहावे, असा प्रसंग महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात याआधी आला नव्हता. त्याचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

२०२२ मधील सुधारित आवृत्तीत काही तरतुदी वाढविल्या गेल्या. केलेली नोंद ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येते. छायाचित्र गटापासून किती अंतरावर काढले, हे यंत्र सांगते. तलाठ्याने सर्व नोंदी न पाहता १० टक्के नोंदींची तपासणी करावयाची असते. पुढे केंद्र सरकारचे डिजिटल पीक सर्वेक्षण आले. २०२४ च्या खरिपात काही तालुक्यांत चाचणी होऊन त्यानंतरच्या रब्बीपासून ते राज्यभर लागू झाले, आणि शेतकऱ्यांनी न केलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी गावोगावी सहायक नेमण्यात आले. तलाठी या पदाचे नावही २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले.

म्हणजे एकाच गटाच्या एकाच हंगामातील पिकाबद्दल आता खातेदार लिहू शकतो, सहायक लिहू शकतो आणि अधिकारी तपासणीत बदल करू शकतो. वारणेच्या काट्यासारखा एकमेव धनी येथे नाही. शिवाय यंत्रातील यादी खातेदारांची आहे. बटाईने कसणारा माणूस त्या यादीत नसतो. त्याने काढलेले छायाचित्रही खातेदाराच्या नावानेच जाते. १९७१ च्या नियमांतील चौदावा नमुना नेमक्या याच माणसासाठी होता.

सर्वांत मोठा धोका मात्र दोन नोंदी परस्परविरोधी असण्यात नसून एक नोंद पोहोचलीच नाही यात आहे. छायाचित्र काढले, पडद्यावर दिसले, म्हणजे नोंद झाली असे शेतकऱ्याला वाटते. मोबाइलच्या दृष्टीने ती अजून पाठवावयाच्या रांगेत असते. डोंगराच्या कुशीतील गावात जाळे नसते. हंगाम संपताना सर्व्हरवर ताण येतो आणि मुदतवाढीच्या बातम्या वृत्तपत्रांत नित्याच्या होतात. दरम्यान मोबाइल बदलला किंवा बिघडला तर काय? जुन्या पद्धतीत तलाठी आला नाही, हे सर्व गावाला ठाऊक असे. बिनतारी मेळ झाला नाही, हे कोणालाही ठाऊक नसते. बैठकीवरील कळ दाबणे हा क्षुल्लक उपचार वाटला, तरी झालेल्या आणि न झालेल्या मेळातील सीमारेषा तोच दाखवीत होता.

२०२४ मध्ये या सीमारेषेची किंमत रुपयांत मोजता आली. २०२३ च्या खरीप हंगामातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. ही दोन्ही पिके म्हणजे मराठवाड्याच्या खरिपाचा कणा. साहाय्यासाठी ई-पीक पाहणीतील नोंद हा आधार ठरविण्यात आला. ज्यांनी पेरले होते, वेचणी केली होती, माल विकलाही होता, परंतु ज्यांची नोंद सर्व्हरवर नव्हती, असे शेतकरी यादीबाहेर राहिले. त्यांत ज्यांनी नोंद केलीच नव्हती असेही होते आणि आपण ती केली आहे अशी खात्री बाळगणारेही होते. सर्व्हरच्या दृष्टीने या दोहोंत फरक नव्हता. दहा-अकरा महिन्यांनंतर शेतात जाऊन पाहण्याजोगा पुरावाही उरला नव्हता. तक्रारी वाढल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ई-पीक पाहणीची अट शिथिल करून सातबाऱ्यावर या पिकांची नोंद असलेल्यांनाही लाभ देण्याचे जाहीर झाले.

या निर्णयामुळे घडले ते असे की, आपोआप होणाऱ्या मेळाने सोडविलेला प्रश्न पुन्हा माणसांपुढे आला. एका बाजूस मोबाइलवरून आलेली यादी आणि दुसऱ्या बाजूस सातबारा, असे दोन कागद गावच्या पातळीवर शेजारीशेजारी ठेवणे भाग पडले. कृषी सहायकांनी खातेदारांकडून संमतिपत्रे गोळा केली, सामाईक खात्यांसाठी इतर हिस्सेदारांची ना-हरकत घेतली, आधार क्रमांक तपासले. ज्या गटांची नावे दोन्ही ठिकाणी होती ती सुटली. उरलेल्यांसाठी पुन्हा चावडी, पुन्हा कागद, आणि 'तुमच्या शेतात त्या साली काय होते?' हा प्रश्न.